गच्चीची किल्ली आणि गुरूचे पट्टे

२०१० च्या दसऱ्याच्या सुट्टीत रामटेक रोडवरच्या एका शेतात आकाशदर्शनाला गेले होते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि रांगेत माझा नंबर बाविसावा होता. दुर्बिणीत गुरू दिसला, त्याचे चंद्र दिसले, आणि गुरूवर एक पट्टा दिसला. एकच. पुस्तकात ठळक पट्टे दोन असतात, म्हणून मागच्या मुलीला पुढे सरकू न देता मी पुन्हा डोळा लावला. एकच. कार्यक्रम घेणाऱ्या सरांना विचारलं तर म्हणाले, "दुर्बीण लहान आहे ना, नाही दिसत सगळं."

पटलं. घरी आले आणि विसरले.

तेरा वर्षांनी, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत काहीतरी वाचताना कळलं की त्या वर्षी गुरूचा दक्षिण विषुववृत्तीय पट्टा खरोखरच नाहीसा झाला होता. अमोनियाच्या पांढऱ्या ढगांखाली तो झाकला गेला होता. ९ नोव्हेंबर २०१० ला फिलिपिन्समधल्या ख्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाने नेमक्या त्या जागी एक लहानसा पांढरा उद्रेक टिपला आणि तिथून पट्टा परत यायला लागला. म्हणजे रामटेक रोडवर मी बरोबर पाहिलं होतं. दुर्बिणीचा काही दोष नव्हता.

त्या दिवशी दुपारी मी एका ग्राहकाच्या जीएसटी रिटर्नमध्ये दोन चुका केल्या. आणि ठरवलं, हे पट्टे आपण स्वतः टिपायचे. एक सुंदर फोटो काढून मोकळं व्हायचं, एवढीच कल्पना होती. प्रत्यक्षात काय झालं ते तारखांसकट लिहिते आहे, कारण सुरुवातीला मला हवी असलेली साधी माहिती (किती पैसे, किती वाट, कुठे अडतं) एका जागी मिळत नव्हती.

एप्रिल २०२४ मध्ये विचार पक्का केला तेव्हा गुरू सूर्याजवळ चालला होता. मे महिन्यात तो दिसणारच नव्हता आणि पुढे आपला पावसाळा. हा काळ खरेदीला चांगला. हातात दुर्बीण आली की माणूस रोज ढगांना शिव्या देत बसतो, त्यापेक्षा वाचन होतं. मी आठ इंची डॉब्सोनियन घ्यायचं ठरवलं. लाकडी पेटीसारख्या स्टँडवर ठेवलेली मोठी नळी, हातानेच फिरवायची. मोटर नाही, त्यामुळे पैसे वाचतात आणि ते सगळे आरशात जातात. मोटरवाला माउंट घेतला असता तर तेवढ्याच पैशांत आरसा पाच इंचाचा मिळाला असता.

२० जुलैला पैसे भरले, ५६,५०० रुपये, वाहतुकीसकट. तीन आठवडे सांगितले होते, सहा लागले. आणि माल नागपुरात पोचला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मारबतीला. ट्रान्सपोर्टचं गोडाउन इतवारीच्या पलीकडे. काळी आणि पिवळी मारबत रस्त्यावर, बडगे रस्त्यावर, अर्धं शहर रस्त्यावर. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, आज नाही जमत, इडा पीडा गेली की घेऊन येतो." दुसऱ्या दिवशी आणलं. दोन खोकी, मिळून तीस किलोच्या आसपास. आमच्या नरेंद्र नगरच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. वॉचमन मामांनी नळी खांद्यावर घेतली आणि विचारलं, "सोलर गिझर हाय का?" मी हो म्हणून टाकलं. जिन्यात उभं राहून गुरू समजावून सांगण्याइतका दम उरला नव्हता.

कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. ग्रहांचे फोटो मोबाइलनेही निघतात, पण पट्ट्यांतला तपशील हवा असेल तर ग्रहांसाठीचा छोटा व्हिडिओ कॅमेरा लागतो. मी झेडडब्ल्यूओचा एएसआय ६६२ रंगीत कॅमेरा निवडला, कारण त्याचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा आहे. ग्रहांसाठी एक सोपा हिशेब सांगतात: पिक्सेलच्या आकड्याला पाचने गुणा, तेवढा एफ-रेशो (फोकल लेंग्थ भागिले आरशाचा व्यास) ठेवा. म्हणजे साधारण एफ/१४.५. माझी दुर्बीण एफ/६, त्यावर अडीच पट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावला की एफ/१५. जुळलं. बार्लो ५,२०० रुपये, यूव्ही-आयआर (अतिनील आणि अवरक्त प्रकाश) रोखणारा फिल्टर २,४०० रुपये. हा फिल्टर विसरू नका. मी पहिल्या आठवड्यात विसरले आणि गुरू जांभळट गुलाबी आला.

कॅमेरा परदेशातून मागवला, ५ ऑगस्टला, २२,३०० रुपये. १४ तारखेला कुरिअरचा मेसेज: केवायसी करा. आधार अपलोड केलं. नामंजूर, कारण आधारवर वरुडचा पत्ता आणि पार्सल नागपूरचं. विजेचं बिल दिलं. नामंजूर, कारण बिल आईच्या नावावर. मग आईचं आधार, आईचं 'ही माझी मुलगी असून माझ्याकडे राहते' असं सहीचं पत्र आणि बिल, तिन्ही एका पीडीएफमध्ये. दिवसभर दुसऱ्यांची कागदपत्रं तपासून परत पाठवणारी मी, माझी परत येत होती. ऑफिसातल्या लोकांना याचा किती आनंद झाला ते लिहीत नाही.

चार दिवस शांतता. मग प्रश्न आला: कॅमेऱ्यात वायरलेस आहे का? वायरलेस असलेल्या वस्तूला वेगळी मंजुरी लागते. याला नुसती यूएसबीची वायर आहे. उत्पादकाचं तांत्रिक माहितीपत्रक जोडलं, त्यात यूएसबीच्या ओळीवर पिवळा रंग मारला आणि 'यात वायफाय अथवा ब्लूटूथ नाही' असं साध्या कागदावर लिहून सही केली. ड्युटी आणि कुरिअरची हाताळणी मिळून १०,८६० रुपये भरले. ११ सप्टेंबरला पार्सल दारात. सदतीस दिवस. तुम्ही मागवणार असाल तर आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्या आणि माहितीपत्रक पहिल्याच दिवशी तयार ठेवा. किंवा भारतातल्या विक्रेत्याकडून थोडे जास्त देऊन घ्या. पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

आता गच्ची. खरं तर हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. आमच्या गच्चीला दोन वर्षांपासून कुलूप आहे. मी सेक्रेटरी काकांकडे गेले तर ते म्हणाले, "पोरं वर चढून पार्ट्या करून राहिली होती म्हणून लावलं. तुमचं तसं नाही, पण अर्ज द्या, मिटिंगमध्ये ठेवतो." मिटिंग १ सप्टेंबरच्या रविवारी होती, कोरम झाला नाही. मग गणपती बसले. विसर्जनानंतर २२ तारखेला एकदाची मिटिंग झाली आणि माझा विषय पाण्याच्या मोटरच्या नंतर, पार्किंगच्या आधी आला. अटी अशा: पाण्याच्या टाकीला हात लावायचा नाही, अकरानंतर मोठ्याने बोलायचं नाही, बाहेरची माणसं आणायची नाहीत, काही झालं तर जबाबदारी माझी. हे सगळं शंभराच्या स्टँपपेपरवर लिहून दिलं. तेव्हा शंभराचा चालत होता. पुढच्याच महिन्यात राज्यात किमान पाचशेचा झाला, तेव्हा मनातल्या मनात चारशे रुपये कमावले. २४ सप्टेंबरला किल्लीची नक्कल मिळाली. परवानगीच्या पत्राचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला. तो पुढे उपयोगी पडला.

५ ऑक्टोबर, रात्री दीड. पहिल्यांदा गुरू. कॅमेरा नाही, नुसता डोळा. दोन पट्टे.

आईला उठवून वर आणलं. ती पाहून म्हणाली, "गुरुवारचा उपास करायला सांगितला तर करत नाहीस, आणि गुरूसाठी रात्रभर जागतेस." मग पुन्हा पाहिलं तिने. बराच वेळ पाहिलं.

कॅमेरा लावून पहिला प्रयत्न १९ ऑक्टोबरला. अडचण कुणी सांगत नाही ती अशी: तीन हजार मिलिमीटर फोकल लेंग्थवर गुरू कॅमेऱ्याच्या पडद्यात सापडतच नाही. मी चाळीस मिनिटं काळोख रेकॉर्ड केला. उपाय सोपा आहे. आधी बार्लोशिवाय साध्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) गुरू बरोबर मध्यभागी आणा, फाइंडर, म्हणजे नळीवरचं नेम धरायचं साधन, त्यावर जुळवून घ्या, मग बार्लो आणि कॅमेरा लावा. फोकस साधायला शेजारचा रोहिणी तारा घ्या. त्या हंगामात गुरू वृषभेतच होता, त्यामुळे तारा हाताशी होता. आरशांची जुळणी, म्हणजे कॉलिमेशन, तपासायलाही तोच कामाला आला. तारा किंचित फोकसबाहेर नेला की कड्या दिसतात. त्या एककेंद्री नसतील तर आधी स्क्रू फिरवा, फोटो नंतर. यासाठीचं चेशायर नावाचं साधं उपकरण १,९०० रुपयांना मिळालं. एवढ्या सगळ्या खरेदीत सर्वांत जास्त वसूल झालेली वस्तू तीच.

मोटर नसल्याने पृथ्वी फिरते तसा गुरू पडद्याच्या एका कडेने शिरतो आणि पंचवीसेक सेकंदांत दुसऱ्या कडेने निघून जातो. मग नळी हलकेच पुढे ढकलायची, कंप थांबेपर्यंत तीन-चार सेकंद थांबायचं, पुन्हा रेकॉर्ड. असे चार फेरे. त्याहून जास्त नाही, कारण गुरू स्वतः दहा तासांच्या आत एक गिरकी घेतो. त्या डिसेंबरात त्याचं बिंब ४८ आर्कसेकंदांचं होतं (एका अंशात ३,६०० आर्कसेकंद). हिशेब केला तर दोन मिनिटांत मधला ढग अर्धा आर्कसेकंद सरकतो, आणि माझ्या आठ इंची आरशाची बारकावे दाखवण्याची मर्यादाही साधारण तेवढीच. त्यापेक्षा लांब व्हिडिओ घेतला तर आपणच आपला फोटो पुसतो.

एका फेऱ्याची फाइल पाच जीबी. सेकंदाला शंभर फ्रेम घेतल्या की हे होणारच. लॅपटॉप पहिल्याच रात्री भरला. मग एक टीबीची बाहेरची एसएसडी घेतली, ६,८०० रुपये. नंतर कळलं की पिप नावाचं मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधून गुरू शोधून, मध्यभागी आणून, भोवतीचा काळोख कापून टाकतं. वीस जीबीचे दीड जीबी होतात. मूळ फाइल तेव्हाच पुसा. मी महिनाभर 'असू दे' म्हणून ठेवल्या आणि दुसरी एसएसडी घ्यायला निघाले होते.

दिवाळीचा आठवडा धुरात गेला. त्यानंतर आकाश स्वच्छ, हवा कोरडी, चांदणं असं की रस्त्यावरून कुणीही म्हणावं, वा! आणि माझ्या पडद्यावर गुरू तापलेल्या तेलात सोडलेल्या पुरीसारखा फुगतोय, वाकतोय. तीन शनिवार असेच. दोष कॉलिमेशनचा वाटला, मग कॅमेऱ्याचा, मग माझा. १६ नोव्हेंबरला अनवाणी वर गेले होते तेव्हा पायांना कळलं. रात्रीचे साडेनऊ आणि स्लॅब कोमट. नागपूरचं सिमेंट दिवसभराचं ऊन सोडायला निम्मी रात्र घेतं आणि ती गरम हवा बरोबर नळीच्या तोंडासमोरून वर जाते. खाली दोन फ्लॅटच्या स्वयंपाकघरांच्या चिमण्या, त्यांची भर वेगळी.

मग तीन गोष्टी केल्या. दुर्बीण गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात हलवली, तिथे टाकीची सावली असल्याने स्लॅब कमी तापतो. जुन्या कूलरच्या वुडवूलच्या चटया पाण्यात भिजवून संध्याकाळी सहाला भोवती पसरल्या. आरशाच्या मागे कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावून तासभर आधी चालू ठेवला. चटयांनी किती फरक पडला ते देव जाणे, पण पंख्याने नक्की पडला.

दुसरी हवा वरची. हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा जेट प्रवाह, म्हणजे खूप वेगवान वारा, वाहतो. तो दक्षिणेकडे सरकला की आपल्या डोक्यावर येतो, आणि मग तारे कितीही स्वच्छ दिसोत, ग्रहाचा तपशील मिळत नाही. हवामानाच्या संकेतस्थळांवर २५० हेक्टोपास्कल पातळीवरचा, म्हणजे साधारण याच उंचीवरचा, वारा पाहता येतो. तो पाहून रात्र ठरवायला लागले आणि जागरणं निम्म्यावर आली.

नागपूरकरांना मात्र एक गोष्ट फुकट मिळते. आपण २१ अंश उत्तरेला आहोत आणि गुरू त्या हंगामात खगोलीय विषुववृत्ताच्या २२ अंश उत्तरेला होता. म्हणजे मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर. क्षितिजाजवळ वातावरण ग्रहाच्या कडांना एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी झालर लावतं. ती दुरुस्त करायला युरोपातले लोक प्रिझमचं वेगळं उपकरण विकत घेतात. आपल्याला गरज नाही. फक्त डॉब्सोनियन सरळ वर बघताना अडतं. तिथे जराशा सरकण्यासाठी अख्खा स्टँड गर्रकन फिरवावा लागतो. त्यामुळे मी तो माथ्यावर यायच्या दीड-दोन तास आधीच काम उरकायचे.

२३ नोव्हेंबर, विधानसभेचा निकाल. हवा स्थिर होती, पण फटाके रात्री एकपर्यंत.

२ डिसेंबर, सोमवार. दुसऱ्या दिवशी ऑफिस, तरी गेले, कारण नकाशावर वरचा वारा मंद दिसत होता. पावणेअकराला पडद्यावर गुरू शांत होता. इतका शांत की मला वाटलं रेकॉर्डिंग अडकलं. दक्षिणेच्या पट्ट्यात तांबडा डाग (गुरूवरचं प्रचंड वादळ) जवळपास मध्यावर, आणि त्या पट्ट्यातच पांढुरक्या, विस्कटलेल्या गाठी. गुरूच्या या दक्षिण पट्ट्यात नोव्हेंबरमध्ये उद्रेक सुरू झाला होता, हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं होतं म्हणून दिसतंय की खरंच दिसतंय, हे त्या रात्री ठरवता आलं नाही.

पुढचं काम घरात. ऑटोस्टॅकर्ट नावाचं सॉफ्टवेअर दहा हजार फ्रेममधून सगळ्यात चांगल्या निवडून एकावर एक रचतं. मी पंचवीस टक्के ठेवते. मग रेजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटचे (तपशील ठळक करणारे) स्लायडर सरकवून तपशील उठवायचा. इथे हात आवरत नाही. पहिला फोटो मी एवढा ओढला की गुरूच्या कडेला कांद्यासारखे पापुद्रे आले आणि पट्ट्यांत नसलेली जाळी उमटली. धाकट्या भावाने पाहून विचारलं, "हा आपल्या फरशीचा फोटो आहे का?" आता एक नियम केला आहे. रात्री केलेला फोटो सकाळी चहा घेताना पुन्हा पाहायचा आणि सगळे स्लायडर थोडे मागे घ्यायचे.

३ तारखेला संध्याकाळी हिंमत करून तो फोटो जगभरातली निरीक्षणं गोळा करणाऱ्या एका ठिकाणी पाठवला. अशी ठिकाणं बरीच आहेत. जपानमध्ये एएलपीओ-जपान, स्पेनमधल्या बास्क विद्यापीठाचं पीव्हीओएल, ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा गुरू विभाग. हबल दुर्बीण गुरूची सविस्तर पाहणी वर्षातून एकदाच करते. गुरूभोवती फिरणारं जुनो यान त्या काळात साधारण तेहतीस दिवसांनी एकदा जवळून जात होतं. मधल्या रात्री आपल्यासारख्यांच्या. त्यातही युरोप-अमेरिकेत दिवस असतो तेव्हा इथे रात्र असते.

पाठवला आणि झोपले. पहाटे चारला जाग आली. का ते माहीत नाही. फाइलच्या नावात वेळ लिहिली होती २२४८. सगळीकडे वेळ जागतिक लागते, यूटी. मी भारतीय वेळ टाकली होती.

साडेपाच तासांत गुरू जवळजवळ दोनशे अंश फिरतो. मी लिहिलेल्या वेळेनुसार तांबडा डाग गुरूच्या पार मागच्या बाजूला असायला हवा होता, आणि तो तर समोर. विनज्युपोस या सॉफ्टवेअरमध्ये वेळ टाकून पाहिलं, अगदी तेच. रिटर्नमध्ये आर्थिक वर्ष चुकवावं तसं झालं. पहाटेच दुरुस्तीची मेल लिहिली: २२४८ नव्हे, १७१८. दोन दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं, अतिशय सौम्य. लक्षात आलं होतं, दुरुस्त केलं आहे, लॅपटॉपचं घड्याळही एकदा इंटरनेटशी जुळवून घ्या. जुळवलं. ते तीन मिनिटं मागे होतं. तीन मिनिटं म्हणजे जवळपास दोन अंश, गुरूच्या विषुववृत्तावर सव्वादोन हजार किलोमीटर. माझ्या अगदी शांत, सुंदर फोटोतला प्रत्येक ढग तेवढा चुकीच्या जागी होता.

तेव्हापासून फोटो बरा आला की वाईट यापेक्षा वेळ बरोबर आहे ना, हे आधी पाहते. वहीत रकाने आखले: तारीख, यूटी, हवेची स्थिरता (एक ते दहा, दहा सर्वांत चांगली), किती फ्रेम, काय दिसलं. हिशेबाचीच सवय.

७ डिसेंबरला प्रतियुती, गुरू सगळ्यात जवळ आणि तेजस्वी. ज्या रात्रीची सहा महिने वाट पाहिली ती रात्र. हवा: दोन. वहीत एवढंच आहे.

१७ डिसेंबरला हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त होता. वर्धा रोडवर पावला-पावलाला पोलीस. रात्री दहाला दोन हवालदार वॉचमन मामांसोबत वर आले. समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी गच्चीवर नळी आणि लाल दिवा दिसतो म्हणून फोन केला होता.

"काय करून राहिल्या मॅडम?"

"गुरू पाहून राहिले. फोटो काढते."

"परवानगी?"

मोबाइलमधलं सोसायटीचं पत्र दाखवलं. त्यांनी त्याचा फोटो काढला, माझं नाव आणि नंबर वहीत लिहिला. मामा मध्येच म्हणाले, "साहेब, मीच वर चढवली ती, सोलरची नाही आहे." धाकट्या हवालदाराने पडद्याकडे पाहिलं, "या दोन रेघा काय?" म्हणाला, उत्तर पूर्ण व्हायच्या आत वायरलेस वाजला आणि दोघं खाली गेले. लाल दिवा मी त्यानंतर खाली ठेवते, कठड्याच्या आड.

संक्रांतीचे चार दिवस गच्ची पतंगवाल्या पोरांची. किल्ली द्यावीच लागली, नागपुरात त्याला इलाज नाही. १५ जानेवारीला फोकसरच्या स्क्रूभोवती मांजा गुंडाळलेला सापडला. झाकण घातलेलं होतं म्हणून आरसा वाचला. त्या आठवड्यात नळी खाली घरात आणून ठेवा.

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका फोटोत उत्तरेकडे, जिथे काही म्हणजे काही नव्हतं तिथे, एक ठळक पांढरा ठिपका आला. धूळ वाटली. पण माझा गुरू पडद्यावरून सरकत असतो. कॅमेऱ्यावरची धूळ एका जागी थांबते, गुरूबरोबर चालत नाही. हा चालत होता. चारही फेऱ्यांत. दोन दिवसांनी वाचलं, उत्तर समशीतोष्ण पट्ट्यात उद्रेक झाला आहे. गुरूवरचा सगळ्यात वेगवान वारा तिथे वाहतो, सेकंदाला सुमारे १७० मीटर, आणि अशा उद्रेकाच्या पांढऱ्या वाफा त्या वाऱ्याबरोबर अख्ख्या ग्रहाला वळसा घालतात. २००७, २०१२, २०१६ आणि २०२० मध्ये झालं होतं, आता पुन्हा.

मी वही काढली. ऑक्टोबरपासूनचे सगळे फोटो, पुरीसारखे फुगलेलेसुद्धा, उत्तर वर करून एका ओळीत लावले. एकेकटा पाहिला तर त्यातला एकही कुणाला दाखवावा असा नाही. पण ओळीत लावल्यावर डिसेंबरात दक्षिण पट्टा पांढऱ्या गाठींनी फुटत गेलेला दिसतो. आणि उत्तरेला, डिसेंबरच्या फोटोत कोरी असलेली जागा फेब्रुवारीत मळते, होळीच्या सुमारास तिथे एक बारीक नारिंगी रेघ आहे. तिसरा पट्टा. मी ती रेघ रंग वाढवून, कमी करून, कृष्णधवल करून, सगळ्या प्रकारे पाहिली. होती.

त्या रात्रीचा फोटो काही खास नव्हता. हवा पाच. पण सकाळी भावाला घेऊन तर्री पोहे खायला गेले आणि टेबलावर मोबाइल ठेवून त्याला ती ओळ दाखवली. त्याने बोटाने मागेपुढे केलं आणि विचारलं, "हे तू मुद्दाम रंगवलं नाहीस ना?" मला वाटतं याहून चांगली दाद मिळणार नाही.

एकूण खर्च एक लाख सहा हजारांच्या आसपास, लॅपटॉप सोडून. गच्चीवर गेलेल्या रात्री चव्वेचाळीस, फोटो निघालेल्या एकोणीस, पाठवलेले अकरा, वेळ चुकलेला एक.

एप्रिलअखेर गुरू संध्याकाळीच पश्चिमेला टाकीच्या मागे जायला लागला आणि स्लॅब रात्री अकरालाही पायाला चटके देत होता. ११ मे ला नळी पुसली, दोन्ही टोकांना झाकणं, आत सिलिका जेलच्या पुड्या, वरून आईची जुनी नऊवारी. आरसा धुतला नाही; थोडी धूळ असलेला आरसा चालतो, ओरखडलेला चालत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा झाकण उघडून हवा द्यायची, नाहीतर बुरशी.

किल्ली परत द्यायला गेले तर सेक्रेटरी काका म्हणाले, "ठेवून घ्या ना. पुन्हा अर्ज, पुन्हा मिटिंग, कोण करून राहिलं." मी म्हटलं, पावसाळ्याचे चार महिने तुमच्याकडेच असू द्या, टाकी गळली तर माझ्यावर येईल. त्यांनी ती खिळ्याला अडकवली आणि खाली स्केचपेनने चिठ्ठी लावली: गुरूवाल्या ताई, ऑक्टोबर.